भट्टीवाल्याची बढती

दरवाजे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला वाळवणे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हे, काम होतं. ओलं लाकूड भट्टीत रचायचं, गरम हवेवर हळूहळू वाळवायचं आणि सरळसोट बाहेर काढायचं. नाव इतकं मुरलं होतं की एकदा कारकुनाने पगाराच्या पाकिटावरही तेच लिहिलं. वाळवणेने मुकाट्याने पाकीट घेतलं. थकलेला माणूस नावावरून भांडत नाही.

कारखान्यात शिरला तेव्हा तो भुसा ओढायचा. मग फळ्या रचू लागला, मग रंध्याच्या मशीनवर गेला, तिथून भट्टीवर. इथवर त्याचं करिअर अगदी दृष्ट लागण्यासारखं होतं, आणि ती लागलीच. सुपरवायझरची जागा रिकामी झाली की मॅनेजरसाहेब त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. "अहो, तुम्हाला खुर्चीवर बसवलं तर भट्टी कोण बघणार?" हे कौतुक झेलता झेलता वाळवणेच्या गुडघ्यांची वाट लागली. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर वाफेचा लोट, वळलं की पाठीवर गार वारा. खोकला तर घरच्या माणसासारखा राहायलाच आला होता.

यंदा पुन्हा ती जागा रिकामी झाली, तेव्हा बायकोने तोंड उघडलं.

"तुम्ही कुणाला शिकवलंच नाही, तर साहेब तरी काय करणार?"

"भट्टी शिकवून येत नाही."

"स्वयंपाकही येत नाही. मला आईने डोक्यात टपल्या मारून आणला. माझ्या भावाला घ्या हाताखाली. नाहीतरी तुमच्याच कारखान्यात फळ्या रचायच्या सोडून बसूनच असतो."

सख्ख्या बहिणीनेच एवढं कबूल केल्यावर वाळवणेची ती सबब आधीच गेली. आपली हातोटी कुणाला सांगायची नाही, ही भट्टीवाल्यांची जुनी खोड. त्याच्या आधीच्याने त्याला काही सांगितलं नव्हतं, त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं. पण गुडघ्यांपुढे खोड किती दिवस टिकणार?

मेव्हण्याचं काम यथातथा असलं तरी तोंड अव्वल होतं. फळीलाही हसवेल असा माणूस.

"सुरुवातीला झडपा जेमतेम किलकिल्या ठेवायच्या," वाळवणेने समजावलं. "घाई केली की लाकूड वरून वाळतं, आत ओलंच राहतं, आणि मग तडकतं. कळलं?"

"कळलं दाजी. वरून गप्प, आतून धुमसतंय. म्हणजे तुमच्यासारखंच."

मेव्हणा जरा तयार झाल्यावर साहेबांनी अट घातली. "चौकटींच्या लाकडाचा हा भट्टीभर घाणा त्याला एकट्याला काढू द्या. नीट निघाला तर खुर्ची तुमची. तोवर केबिनमध्ये बसून सवय करा. भट्टीकडे मात्र फिरकायचं नाही."

बायकोने इस्त्री केलेला शर्ट घालून वाळवणे काचेच्या केबिनमध्ये बसला. खुर्चीला पाठ टेकली, आणि आपल्याला पाठ आहे हे त्याला कितीतरी वर्षांनी आठवलं. डोळे मिटायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेतून भट्टीच्या झडपा दिसल्या. पांढरी वाफ नुसती उसळत होती. लाकूड इतक्या लवकर एवढं पाणी सोडत नाही, सोडायला लावलं तरच सोडतं. त्याने मान वळवली. पुन्हा बघितलं. मग तो पाणी प्यायला उठला. पाण्याचा माठ एका टोकाला, भट्टी दुसऱ्या टोकाला, तरी तो भट्टीवरून गेला.

दार फटभर उघडून त्याने आत बघितलं. फळ्यांच्या टोकांना केसाएवढ्या चिरा धरल्या होत्या. मेव्हणा बाहेर ऐसपैस बसला होता.

"दाजी, वेळेआधीच काढून दाखवतो! साहेबांनाही कळू दे, दाजींनी काय माणूस तयार केलाय."

"झडपा बंद कर. आत वाफ सोड."

"वाफ? लाकूड वाळवायला घातलंय की आंघोळीला?"

"वरची कातडी ओली झाली तरच आतली ओल बाहेर येईल. सोड म्हणतो ना!"

"आणि साहेब आले तर? वाळवता वाळवता भिजवलं म्हणून सांगू? जाऊ द्या ना दाजी, उद्या आच थोडी कमी करतो."

उद्यापर्यंत चिरा आत गेल्या असत्या. वाळवणेने मनातल्या मनात हिशेब केला. हात लावला नाही तर घाणा फुकट, म्हणजे खुर्ची गेली. हात लावला तर भट्टी त्याच्यावाचून चालत नाही हे त्यानेच दाखवून दिलं, म्हणजेही खुर्ची गेली. फरक एवढाच, की दुसऱ्या वाटेने लाकूड वाचत होतं.

त्याने बाह्या सारल्या आणि वाफेचं चाक फिरवलं. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटतोय तोच मागे साहेब येऊन उभे राहिले. त्यांनी केबिनमधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

घाणा उशिरा निघाला, पण सरळ निघाला. टोकं तेवढी कापून टाकावी लागली. साहेबांनी एक फळी डोळ्यासमोर धरून मान डोलावली. "बघा! मी म्हणत नव्हतो?" मग जरा घुटमळत म्हणाले, "खुर्ची तर रिकामी ठेवता येत नाही. तुमचा मेव्हणा भट्टीच्या कामाचा नाही, पण माणसं त्याचं ऐकतात. त्यालाच बसवतो म्हणतो."

वाळवणेला हसू आलं, पण वाटेतच त्याचा खोकला झाला.

घरी बायकोचा चेहरा आधी फुलला, मग पडला. "म्हणजे मी आता आनंद मानायचा की नाही?"

"मान की. तुझाच भाऊ आहे."

"आणि तुमचं काय?"

"माझं कौतुक झालं."

ती तेलाची वाटी घेऊन त्याच्या गुडघ्यांपाशी बसली. तेवढ्यात मेव्हणा आला आणि उंबऱ्यातच थबकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थट्टा केली नाही.

"दाजी, मी नाही म्हणून सांगतो साहेबांना."

खरं तर 'सांग' म्हणायचं वाळवणेच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तू नाही म्हणालास तर बाहेरचा कुणी आणतील. बस तू. फक्त एक कर, मला भट्टीवर दुसरा माणूस दे शिकायला. न बोलणारा."

"न बोलणारा कशाला?"

"बोलणारा दिलास तर त्यालाही खुर्चीत बसवतील."