ओळख पटवणारा माणूस

“मी सांगतो ना सायेब, त्याले कायले तरास देता?” एवढं म्हणून ते उजवा हात वर करायचे, आणि मी ज्याला प्रश्न विचारलेला असायचा तो निमूट खाली बघायचा. नाव, वय, लेकरं किती, घरात काविळीने कोण गेलं, सगळी उत्तरं तेच द्यायचे. ती बरोबर असायची, हेच तर वाईट झालं.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. निवडणूक न लढवता गावाने मानलेला. मानोऱ्याजवळच्या त्या गावात ते दोन एकरांत मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे, आणि उरलेल्या वेळात गावाची कामं करायचे. मी त्यांना दादा म्हणायचो. या माणसाने मला फसवलं. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांचं कौतुकही करणार आहे आणि तुमचा गैरसमज व्हायला नको.

मी एका संशोधन प्रकल्पात तंत्रज्ञ आहे. लिव्हरचा कॅन्सर बहुतेकांना कळतो तेव्हा हातातून वेळ गेलेली असते. पण गाठ अगदी लहान असतानाच तिच्या जनुकांतल्या बिघाडाच्या काही खुणा रक्तात उतरतात. त्या ओळखता आल्या तर गाठ वेळेवर काढता येते. आमचं काम त्या खुणा शोधण्याचं. हा कॅन्सर मागे लावणारा काविळीचा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे अशी बरीच घरं या गावात होती. दादांचे वडीलही पोट फुगून गेले होते.

रक्त द्यायला मात्र गाव तयार नव्हतं. हे लोक रक्त नेऊन विकतात, अशी कुजबुज होती. मी पारावर उभं राहून अर्धा तास बोललो, कुणी हललं नाही. मग दादा उठले. “भोपळा सडाच्या आधी देठापाशी जरासा मऊ पडते,” ते म्हणाले. “हे लोक तो मऊपणा रगतात पाहून राह्यले.” झालं. लोक माना हलवत नावं द्यायला आले. आमच्या डॉक्टर मॅडमना मी हे वाक्य सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

यादीतलं एकही नाव सुटणार नाही, असा शब्द दादांनी मॅडमना दिला. त्यांचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. साठीच्या आतलेच लोक आम्हाला हवे होते आणि दादांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं.

शिबिर शाळेत झालं. पडद्यामागे बाहेरगावची नर्स रक्त काढत होती. दारात बसून मी नावाची चिठ्ठी द्यायचो, आणि चिठ्ठी घेणारा माणूस तोच आहे ना, ही ओळख पटवायला शेजारी दादा. दुपारी त्यांनी मला बळेच आपल्या घरी जेवायला पिटाळलं. तुम्ही निवांत जेवा, मी आहे, म्हणाले. वहिनींनी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, मीही आडवा हात मारला. परत आलो तर यादी पूर्ण झालेली. मी प्रत्येक नावापुढे सही केली. चेहरे बघायचे राहिले, पण दादा असताना चेहरे कशाला बघायचे?

पावसाळ्यात निकाल आले. धाकट्या भावाच्या शिशीत खूण सापडली, अगदी ठळक. मी दोघा भावांना घेऊन नागपूर गाठलं. धाकटा चाळिशी उलटलेला गडी, पण दादांसमोर त्याची मान वर होत नव्हती. डॉक्टर त्याला विचारायचे आणि दादा उत्तर द्यायचे. स्कॅन झाला, नव्याने रक्त घेतलं. लिव्हर स्वच्छ निघालं आणि रक्तात खुणेचा मागमूस नव्हता. मी ही आनंदाची बातमी सांगितली तेव्हा धाकटा ओंजळीत तोंड लपवून रडला. मी त्याची पाठ थोपटली. दादा चहा आणायला म्हणून उठून गेले.

आता प्रश्न असा होता, की खूण चुकीची की शिशी बदललेली? पहिल्या शिशीतलं रक्त चाचणीतच संपलं होतं, ताडून बघायला थेंब उरला नव्हता. शिशी बदलली असेल, तर गावात कुणाच्या तरी पोटात गाठ वाढत होती आणि तिला गाठायला थोडेच महिने हातात होते. मी तडक गावात गेलो. दादा मेथीला पाणी देत होते. त्या दिवशी सुई तुमच्या भावालाच टोचली ना, असं मी विचारलं.

“माह्या डोळ्यासमोर टोचली, सायेब,” ते माझ्याकडे सरळ बघत म्हणाले. “तुमच्याच शिश्या इकडच्या तिकडं झाल्या असतील.”

मी विश्वास ठेवला. चूक माझीच, असं मॅडमना लिहून दिलं. शिश्यांचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. यादीतल्या सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं, दारात ओळख पटवायला पुन्हा दादाच, आणि खूण कुणाच्याच रक्तात सापडली नाही. मग ती खूणच खोटी ठरवून टाकून दिली. यादीबाहेरच्या माणसाचा विचार आमच्यापैकी एकाही शहाण्याला सुचला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या आशाताईंचा फोन आला. दादा पिवळे पडलेत, पोट फुगलंय. मी गेलो. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सगळं सांगितलं. शिबिराच्या दिवशी धाकट्याने पोहरादेवीच्या यात्रेत भाजीचं दुकान मांडलं होतं. दुपारपर्यंत येतो म्हणाला, गर्दीत अडकला. यादीत एकच नाव उरलं, तेही त्यांच्याच घरचं. मग मी जेवत असताना भावाची चिठ्ठी घेऊन ते स्वतः पडद्यामागे जाऊन बसले. एकाच आईची लेकरं, रक्तात असा काय फरक असणार, असं त्यांना वाटलं.

“नागपूरलेच समजलं मले,” ते म्हणाले. “पण साऱ्या गावाची ओळख मी पटवली होती. मीच लबाड निघालो असतो. येक खोटं बोललो सायेब, मंग ते राखत बसलो.”

मरणाऱ्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलो. तुमच्या शब्दापायी तुम्ही जीव घालवला आणि माझं इमान मातीत घातलं, असं तोंडावर बोललो. तेव्हा ती गाठ सुपारीएवढीसुद्धा नसेल, हेही बोललो, ते बोलायला नको होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सायबाला जेवू घाल म्हणून वहिनींना सांगितलं. मी पाणीही न पिता निघालो. पंधरा दिवसांत ते गेले.

मी मॅडमना खरं काय ते कळवलं. टाकलेली खूण कामात परत घेतली गेली, माझं कामही मला परत मिळालं. बघा, खूण खरी होती, असं मॅडम म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता आणि तो होणं रास्तही होतं.

तेरवीनंतर मी धाकट्याला भेटायला मळ्यात गेलो. खरं तर भांडायला गेलो. तुला सगळं माहीत होतं, तुझा सख्खा भाऊ मरत होता आणि तू गप्प बसलास, असं म्हणालो. तो सांबाराच्या जुड्या बांधत होता. त्याचे हात थांबले.

“दादानं गळ्याची आण घातली होती,” तो म्हणाला. “आपल्या मनानं कोणाले सांगाचं नाही म्हणून. पण भाऊ, तुमी इतक्या खेपा आले, दर खेपी दादालेच इचारलं. मले येकदा इचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो.”

त्याने जुड्या पोत्यात भरल्या, पोतं गाडीला बांधलं आणि तो मानोऱ्याच्या बाजाराला निघून गेला. वर्षभराच्या ओळखीत त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.