एका माणसापुरतं विमान

पायलट जेवायच्या आधी आणि जेवून झाल्यावर, असा दोनदा वजनकाट्यावर उभा राहायचा. संत्र्याच्या पेट्या तोलायचा जुना काटा त्याने शेडच्या दारातच मांडला होता. काटा साठाच्या पुढे सरकला की रात्रीची एक भाकर रद्द. मी संध्याकाळी गप्पांना गेलो की मलाही आधी काट्यावर चढवायचा. "गुरुजी छप्पन्न," तो समाधानाने म्हणायचा. "तुमाले चाललं असतं माझं विमान."

पायलट हे सौंसर गावाने कुचेष्टेने ठेवलेलं नाव. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. ऐंशीच्या दशकात मी तिथे शाळेत शिकवत होतो, तेव्हा बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो एका माणसापुरतं विमान बांधत होता. परदेशातून टपालाने मागवलेले नकाशे, मुंबईहून आणलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या, मोटारसायकलचं जुनं इंजिन, पंखांवर ताणून बसवलेलं कापड. चार वर्षं हेच चाललं होतं. स्क्रूसुद्धा तो तोलून लावायचा. "वजन हेच पाप, गुरुजी," म्हणायचा, "बाकी सगळं माफ हाय."

गावाला मात्र एकच प्रश्न पडे: दुसरा माणूस कुठे बसणार? लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसणाराही आधी तेच विचारायचा. एकटंच बसायचं तर विमान कशाला, सायकल काय वाईट, असं म्हणून गाव फिदीफिदी हसायचं. या लोकांचा मला वीट आला होता. चार वर्षांत एकानेही, हे उडतं कसं, म्हणून विचारलं नाही.

विमान तयार झालं आणि परवानगीपाशी अडलं. लोधीखेड्याच्या रस्त्याला एक पडीत माळ त्याने हेरून ठेवला होता, पण भोपाळहून कागद येईना. तेव्हा गावचे पुढारी भाऊसाहेब म्हणाले, कागद मी आणतो, तू फक्त तान्ह्या पोळ्याला विमान मैदानात आण. पोरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली उभी राहतात, त्या रांगेत भाऊसाहेबांना विमान हवं होतं. पायलट तयार नव्हता. मीच गळ घातली. मुलं बघतील, म्हटलं, शिवाय कागद मिळेल. कोणी हात लावायचा नाही, या अटीवर त्याने माझं ऐकलं.

त्या दिवशी बायकांनी पंखांवर हळदीचे पंजे उठवले, कुणी पुढे बैलाची झूल बांधली, कुणी हार घातले. पायलट एकेक हार काढून बाजूला ठेवत होता. मग भाऊसाहेब, शंभर किलोच्या पुढचं धूड, फोटोसाठी सरळ आत जाऊन बसले. पायलट नको म्हणेपर्यंत बाकीचे धावलेच. पंखांना, नळ्यांना धरून माणसं लटकली आणि फोटोवाला अजून जवळ या, अजून जवळ या, म्हणत राहिला. खालून कट्ट आवाज आला. बसायच्या जागेखालची मुख्य नळी वाकली, चाकं फाकली, उजवा पंख मातीत टेकला. भाऊसाहेब धोतर झटकत उठले. "इतकं कच्चं काऊन बनवलं बे?" म्हणाले. सगळे हसले. ते हसणं आठवलं की अजून शिसारी येते.

पायलट चिडलासुद्धा नाही. "वाकलेली नळी सरळ होते," दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "पण मंग तिच्यावर भरवसा नाही ठेवता येत." भाऊसाहेबांचा कागद कधीच आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात इंजिन कुणाच्या तरी विहिरीवर पाणी उपसायला गेलं, आणि पायलट नागपूरला कामाला निघाला.

स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. मी भाऊसाहेबांना आणि अख्ख्या गावाला मनसोक्त शिव्या घातल्या. असल्या माणसांची किळस येते, म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं. बस सुरू झाली तेव्हा खिडकीतून शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी किती वजन पडलं ते मी काढून पाहिलं, गुरुजी. बाकी सगळ्यायचं अंदाजानं धरलं. छप्पन्न तेवढे पक्के होते."

उजव्या पंखाला मीच लटकलो होतो. मला फोटोत यायचं होतं.