गॉजच्या घड्या

थोरली जेवताना बोलत नाही. सात आठवडे झाले. दुसऱ्या कुणाच्या घरी ही काळजीची गोष्ट ठरणार नाही. आमच्याकडेही एके काळी आम्ही दोघं हेच मागत होतो, की हिने पाच मिनिटं तरी गप्प बसावं. आता ती बसते. ताटातलं संपवते, ताट घासते, पुसून जागेवर ठेवते आणि खोलीत जाते. दार आपटत नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ती चौतीस वर्षांची आहे. एका मोठ्या इस्पितळात, तळघरात, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करतात त्या विभागात ती नोकरी करते. ऑपरेशन झालं की वापरलेली हत्यारं खाली येतात. एका बाजूला ती धुतात. दुसऱ्या बाजूला लांब टेबलं आहेत, तिथे प्रत्येक ऑपरेशनचा ट्रे यादीप्रमाणे पुन्हा लावतात, दुहेरी कापडात बांधतात आणि वाफेच्या यंत्रात सरकवतात. थोरली ट्रे लावायची. कात्री कापते की नुसती चावते हे चिंधीवर बघायची. चिमट्याची टोकं उजेडाकडे धरून मध्ये फट राहते का ते बघायची. गुडघा बदलण्याचा ट्रे सगळ्यात मोठा, चौऱ्याऐंशी नग, तो तिचा. रोज जेवताना आम्हाला सगळा वृत्तांत मिळे. कुठल्या चिमट्याचा दात झिजला, कुठला स्क्रू ढिला निघाला. धाकट्याने एकदा विचारलं, "ताई, तू दिवसभर चिमटे मोजतेस की काढतेस?"

"मोजते," ती म्हणाली. "काढायचं काम तुझ्याकडे."

आम्ही तिघं तिच्याकडे बघतच राहिलो. तिने विनोद केला होता, आणि तो तिला माहीतही होता.

इथवर यायला सहा वर्षं आणि पाच नोकऱ्या गेल्या. विम्याच्या ऑफिसात फोनवर होती. एका माणसाने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, घेऊ का ही पॉलिसी?" हिने त्याची माहिती नीट ऐकून घेतली आणि सांगितलं, "नका घेऊ." माझ्या चुलतभावाच्या दाताच्या दवाखान्यात ती पेशंटची नावं लिहून घ्यायला बसली, ती तीन आठवडे. शेवटचं ऑफिस म्हणजे एक प्रचंड हॉल, डोक्यावर गुणगुणणारे दिवे आणि दर शुक्रवारी सगळ्यांनी मिळून खेळ खेळायचे. तिथून ती एका दुपारी पर्स, छत्री सगळं टेबलावर सोडून चालत घरी आली. नऊ किलोमीटर. पुढचे चार महिने ती खोलीतून फक्त जेवायला बाहेर यायची. हे म्हणायचे, "मनावरच घेत नाही ती." मीही तेच म्हणायचे. शिकलेली बाई मी, पण तेच म्हणायचे.

मग ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. एक माणूस ढकलगाडी घेऊन आला. तीवर हिरव्या कापडात बांधलेले चौकोनी गठ्ठे होते, सगळ्यांचे कोपरे एकसारखे, प्रत्येकावर काळ्या रेघा उमटलेली चिकटपट्टी. थोरली उठून त्याच्यामागे गेली.

"हे कोण बांधतं?"

तो माणूस घाबरला. त्याला वाटलं, तक्रार आहे. ह्यांना शुद्ध आली तरी ती परतली नव्हती. आली ती एका वर्षाच्या कोर्सची माहिती कागदावर उतरवून घेऊनच. "बाबा, दुखतंय का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "मला काम सापडलं."

ऑटिझमचं निदान त्यानंतर झालं, ती तिशीची असताना. तिनेच जाऊन करून घेतलं. रिपोर्ट फाईलला लावला आणि मला सांगितलं, कामावर कुणाला सांगायचं नाही.

"का गं?"

"तिथे माझा ट्रे बघतात. मला बघत नाहीत. मला तेच हवंय."

मी हो म्हटलं होतं.

तीन वर्षं सुरळीत गेली. मग विभागाच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या आणि नव्या सिस्टर आल्या. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, आता दर आठवड्याला पाळ्या बदलणार. थोरलीने जेवताना हे सांगितलं आणि एवढंच म्हणाली, "बघते." मला ती भर उन्हात पर्सशिवाय चालत येताना दिसायला लागली. दोन दिवसांनी ती डबा विसरून गेली. ती कधीच काही विसरत नाही, म्हणून मला वाटलं, सुरू झालं.

डबा घेऊन मी गेले. सिस्टर काचेच्या केबिनमध्ये एकट्याच होत्या.

"जरा सांभाळून घ्या तिला," मी म्हटलं. "तिला ऑटिझम आहे. ती स्वतःहून सांगायची नाही."

"अगंबाई!" सिस्टरनी खुर्ची पुढे ओढली. "आणि आम्ही तिच्यावर केवढा भार टाकलाय. बरं झालं सांगितलंत. आता तुम्ही अगदी निर्धास्त राहा." त्यांनी माझा हात हातात घेतला. भल्या बाई आहेत. परत येताना मला हलकं वाटत होतं. तेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी थोरलीला मागच्या खोलीत बसवलं. शांत खोली, तिची एकटीची. पाळी बदलायची नाही, ट्रे लावायचा नाही, कशाची जबाबदारी नाही. दिवसभर जखमेवर ठेवायच्या गॉजच्या घड्या घालायच्या.

"मला गॉजवर टाकलं," ती जेवताना म्हणाली.

"का गं?" मी विचारलं. माझ्याच तोंडाने विचारलं.

"सिस्टर म्हणाल्या, तुला ताण नको. मी म्हटलं, मला ताण नाहीये. त्या म्हणाल्या, मला समजतं गं सगळं." तिने घास चावून संपवला. "कुणीतरी सांगितलंय."

"कोण सांगणार?" हे म्हणाले.

मी उठून सगळ्यांच्या ग्लासांत पाणी ओतलं. ग्लास भरलेलेच होते.

ते तिचं शेवटचं लांबलचक बोलणं. तेव्हापासून मलाही नीट काही होत नाही. दाताला सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर नुसतं बोटाला कळतं, तसं आहे. स्वयंपाक होतो. कपडे वाळत पडतात. मी मूग गिळून बसले आहे, आणि तेसुद्धा आता जड वाटत नाही.

परवा औषधांच्या दुकानात मावशी भेटल्या. मावशी म्हणजे त्या विभागात हत्यारं धुतात त्या. बोलायला लागल्या की नळ सोडल्यासारख्या.

"ताई, तुमची लेक गेली हो आमच्यातून."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण गेली. भिंतीकडे तोंड करून बसते. मी रोज दारातून ओरडते, काय गं मॅडम, किती झाल्या घड्या? पूर्वी काहीही विचारा, आकडा तोंडावर फेकायची. आता म्हणते, मोजत नाही." मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काल गुडघ्याचा ट्रे वरून परत आला. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच सापडलं म्हणून बरं, एक नग कमी. डॉक्टर असे तापले! ही होती तेव्हा एकदाही परत आला नाही. सिस्टरचे कान कुणी भरले, देव जाणे. सापडू दे मला तो, माझ्या नळाखाली धरते मुंडकं."

"हो," मी म्हटलं. "धरा."

त्या हसल्या. मीही हसले बहुतेक.

आज जेवण झाल्यावर थोरलीने ह्यांच्यासमोर एक कागद ठेवला. "बाबा, शुद्धलेखन बघा." राजीनामा होता. दोनच ओळी. उद्या अकरा वाजता द्यायचा होता.

"अगं, पण पुढे काय? दुसऱ्या इस्पितळात बघणार आहेस का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. तिथेही कुणीतरी सांगेल."

"मग?"

"घरी बसेन." घड्याळात किती वाजले ते सांगावं, तशी म्हणाली. ह्यांनी एक वेलांटी सुधारली आणि कागद परत दिला. त्यांना माहीत नाही. अजून घरात कुणालाच माहीत नाही.

आता सगळे झोपलेत. मघाशी मी सिस्टरना लांबलचक मेसेज लिहिला. तिला ट्रेवर परत घ्या, चूक माझी होती, ती तुमच्यातल्या कुणाहूनही चांगलं काम करते. लिहिला आणि पुसला. सिस्टर पुन्हा मला धीर देतील, मी पुन्हा हलकी होईन, आणि थोरलीचं काय करायचं ते पुन्हा तिच्या पाठीमागे दोन बायका ठरवतील. मागच्या वेळी हेच झालं होतं.

आमच्या घरात अवघड गोष्टी फोनवर सांगतात. ही पद्धत तिनेच पाडली. "समोर असलीस की तुझा चेहरा बघू की ऐकू, ते कळत नाही," असं ती एकदा म्हणाली होती. माझी आई गेली तेव्हा मी स्वयंपाकघरातून पलीकडे तिच्या खोलीत फोन लावला होता. मधे एक भिंत. तिने सगळं ऐकलं, मग बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, बराच वेळ.

सकाळी सहाला ती चहा पिऊन खोलीत जाते, आणि सहा पंचविसाला निघते. त्या मधल्या वेळात मी स्वयंपाकघराचं दार लावून घेणार आणि तिला फोन करणार. त्यानंतर ती राजीनामा देईल, की तो फाडून सिस्टरकडे जाईल आणि स्वतःचं टेबल मागेल, ते ती ठरवेल. मला बरोबर ये म्हणाली तर जाईन. नको म्हणाली तर घरी राहीन. माझ्याशी कधीच बोलणार नाही म्हणाली, तर तेही तीच ठरवेल.

फोन उचलला की ती आधी विचारते, "किती गोष्टी आहेत?" कुठे संपणार ते तिला आधी कळायला हवं असतं.

एक, म्हणेन. सिस्टरना मी सांगितलं.