शेवेच्या डब्यातला फोन

आमच्या गल्लीत कुणाची सून रुसली, कुणाकडे नवा फ्रिज आला आणि कुणाच्या मुलाने गुपचूप मिशी उडवली, हे विनीताला पोह्यांना फोडणी पडायच्या आत कळलेलं असायचं. तिचा दरबार भरायचा कचरागाडीपाशी. इंदूरमध्ये सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की बायका ओल्या-सुक्या कचऱ्याच्या, गीला-सूखा अशा दोन बाल्ट्या घेऊन फाटकाशी हजर! बाल्ट्या क्षणात रिकाम्या व्हायच्या, मनं रिकामी व्हायला मात्र वेळ लागायचा.

मग पुण्याच्या लेकीने, यामिनीने, आईला नवा फोन धाडला आणि दरबार उठला. आता विनीता एका हातात दोन्ही बाल्ट्या, दुसऱ्यात फोन अशी यायची. परदेशातली कुठली बाई तांदळाच्या पाण्याने तोंड कसं धुते ते तिला पाठ, पण समोरच्या शोभनाकाकूंचा पाय मुरगळलाय याचा पत्ता नाही. नवरा हृषीकेश म्हणायचा, "अगं, मलाही जरा बोटाने वर सरकवून बघ, खाली काही नवीन निघेल!"

एका सकाळी गाडीवाल्या पियुषने, साऱ्या गल्लीच्या 'भिया'ने, विचारलं, "भाभीजी, शिखा दीदी की सगाई में कौन सी साड़ी पहन रही हो?"

विनीताचा अंगठा जागच्या जागी थिजला. शिखा म्हणजे शेजारच्या इंदूताईंची लेक. दोन घरांत भिंत एक, विरजण एक, आणि साखरपुड्याची बातमी कचरागाडीकडून?

ती तशीच बाल्टीसकट इंदूताईंच्या ओट्यावर धडकली. "वा इंदूताई! पियुष भियाला खबर, आणि आम्ही परके?"

इंदूताई मटार सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुला सगळ्यांत आधी सांगितलं, विनू. माझ्या सख्ख्या बहिणीच्याही आधी. गाडीपाशीच."

"मला? कधी?"

"मी म्हटलं, विनू, शिखाचं जमलं गं. तू फोनमधून मान वर न काढता म्हणालीस, 'सूख्यात टाका.'"

विनीताचा चेहरा तांदळाच्या पाण्यानेही उजळला नसता.

"बधाई पियुष भियाने दिली," इंदूताई म्हणाल्या. "साखरपुड्याला ये हं, सगळ्यांनाच बोलावलंय. पण मनातलं काही असलं की आता मी शोभनाकाकूंना सांगते. त्यांचा पाय मुरगळलाय, त्या ऐकून घेतात."

सगळ्यांनाच! हा शब्द विनीताला दिवसभर टोचत राहिला. तिने शेवेचा रिकामा पत्र्याचा डबा पुसला, यामिनीला विचारून फोनची सगळी टुणटुण बंद केली, नुसती घंटी ठेवली, आणि फोन डब्यात टाकला. गाडी येऊन जाईपर्यंत आणि त्यानंतरचा चहा संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

पहिल्याच सकाळी ती डब्याभोवती मांजरासारखी घुटमळली. "फक्त किती वाजले ते बघते."

हृषीकेशने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अरे यार, तुम्ही पण ना!"

हळूहळू हात सुधारला. फोनला मात्र लसणाच्या शेवेचा असा वास लागला, की कानाला लावला की भूकच लागायची. गाडीपाशी ती शोभनाकाकूंची बाल्टी उचलून देऊ लागली, पायाची विचारपूस करू लागली. इंदूताई मात्र तिच्याशी ऊन किती वाढलंय एवढंच बोलायच्या. साखरपुड्यालाही विनीता फोन न नेता गेली, पेढा खाल्ला आणि सगळ्यांसारखी परत आली.

मग एका सकाळी गाडी गेली, बायका पांगल्या, इंदूताई मात्र फाटकाशीच रेंगाळल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "विनू, कुणाला सांगू नकोस हं..."

तेवढ्यात घरात डबा वाजायला लागला. पत्र्यातला फोन तो, वरातीचा बँडच! आतून हृषीकेश ओरडला, "अगं, यामिनीचा फोन!"

इंदूताई ओठ मिटून विनीताकडे बघत राहिल्या.

"तिला म्हणावं, चहानंतर करते!" विनीताने बाल्टी उलटी घातली आणि वर बसकण मारली. "हं, नाही सांगत कुणाला. बोला इंदूताई."

इंदूताई बोलल्या. शिखाच्या होणाऱ्या सासूबाईंची कवळी साखरपुड्यात चिवट पेढ्यात रुतून बसली होती, आणि ती होणाऱ्या जावयाने कोपऱ्यात तोंड करून कशी सोडवली, ते सगळं साभिनय सांगितलं.

विनीताने शब्द पाळला. फोनवर एकालाही सांगितलं नाही. जेवणवेळेपर्यंत स्वतःच्या पायांनी घरोघरी जाऊन सांगून आली.