इनासभाऊंनी सोडलेली जागा

स्मारक उद्यानाच्या समितीने इनासभाऊंना फसवलं. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं थोडं शांतपणे लिहिता येईल. समितीने त्यांच्याकडून फोटो घेतले, दोन अटी मान्य केल्या आणि दोन्ही मोडल्या. अटी मी घातल्या होत्या, बोलणी मी केली होती, म्हणजे फसवणूक माझीही झाली. पण माझं मी बघून घेते. इनासभाऊंचं बघायला इनासभाऊ आता नाहीत.

ते गेल्याचा फोन त्यांच्या लेकीने, जसिंताने केला. मी विरारच्या माझ्या फ्रेमच्या दुकानात काच कापत होते. काचेवर रेघ अर्धी ओढून झाली होती. अर्ध्यात हात थांबला की काच हवी तशी तुटत नाही, म्हणून जसिंता बोलत असताना मी उरलेली रेघ पुरी केली, काच मोडली, दोन्ही तुकडे नीट भिंतीला टेकवले आणि मग खाली बसले. पप्पा सकाळी चहा पिऊन पुन्हा आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं ती सांगत होती. मी तिला काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की त्या काचेची फ्रेम घ्यायला आलेल्या माणसाशी मी त्या दिवशी घासाघीस केली नाही. तो घाबरूनच गेला. ताई, तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारत होता.

इनासभाऊ म्हणजे वसईकडच्या एका वाडीतले लग्नाचे फोटोग्राफर. मोठा आवाज, पिळलेल्या मिशा, आणि आपल्यासारखे फोटो या पट्ट्यात कोणी काढत नाही ही खात्री. नवरा-नवरीला ते अशा आवाजात सूचना द्यायचे की चर्चमधले फादरही सरळ उभे राहायचे. माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले ते एक जुना फोटो घेऊन. घराच्या ओट्यावर उभं कुटुंब होतं, आईवडील एका बाजूला, दोन मुली आणि हाफचड्डीतला मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एका माणसाची मोकळी जागा. मी धंदेवाईक नजरेने बघितलं आणि म्हटलं, मधली जागा काढून दोन्ही तुकडे जवळ घेतले तर लहान फ्रेममध्ये बसेल, दिसेलही बरं. कापू का?

"बाय, त्या जागेत माझा भाऊ उभा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. थोरला भाऊ जुवांव फौजेत होता. तो सुट्टीवर येणार म्हणून वडिलांनी फोटोवाल्याला घरी बोलावलं. ऐनवेळी सुट्टी रद्द झाली आणि फोटोवाला तर दारात उभा. आई म्हणाली, त्याची जागा सोडून उभे राहा, तो आला की तिथे बसवू. जुवांव आला नाही. त्याच्या पलटणीने पाठवलेला वर्दीतला फोटो घरात होता, चांगला मोठा होता, पण आई रोज मेणबत्ती लावायची ती या फोटोपुढे. वर्दीतला फोटो सरकारचा, हा माझा, असं म्हणायची. हाफचड्डीतला मुलगा म्हणजे इनासभाऊ.

तो फोटो मी न कापता फ्रेम केला. मीही कापूया म्हणालेच होते, असं समितीवाले आता मला ऐकवतात. बरोबर आहे, म्हणाले होते. पण मी आधी विचारलं होतं.

लग्नाचा हंगाम संपला की इनासभाऊ आपल्या खऱ्या कामाला लागायचे. बोळिंजला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांच्या ओळखीने त्यांना एका छावणीत फोटो काढायची परवानगी मिळाली होती. तिथून त्यांनी आणलेल्या फोटोंत एकही तोफ नव्हती. एकमेकांचे केस कापणारे जवान, दोरीवर वाळणारे मोजे, फोनवर बोलताना पाठ फिरवून उभा राहिलेला एक उंच मुलगा... मी विचारलं, लढाईचं काहीच कसं नाही? ते म्हणाले, हे सगळं सोडून जवान लढायला जातो, हेच तर लढाईचं. विमानांचं वेड त्याहून जुनं. हवाई प्रदर्शन असलं की डबा बांधून निघायचे, कुंपणाबाहेर गर्दीत उभे राहायचे आणि मान दुखेपर्यंत वर बघायचे. विमानाच्या फोटोत ते विमान कधी मधोमध ठेवत नसत. पुढे आभाळ मोकळं ठेवायचे. त्याला जायला जागा नको का, म्हणायचे. एकदा मात्र उड्या मारतच दुकानात आले. गेलेल्या वैमानिकाला मानवंदना देताना विमानांची रांग डोक्यावरून जाते, त्यातलं एक विमान एकदम वर निघून जातं आणि बाकीची त्याची जागा तशीच मोकळी ठेवून पुढे जातात. तो क्षण त्यांना सापडला होता. फोटो माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "बघ बाय. हवाई दलालाही शेवटी माझ्या आईचंच सुचलं."

त्यानंतर त्यांनी आपल्या तालुक्यातली, आजूबाजूची हुतात्म्यांची घरं शोधायला सुरुवात केली. वर्षश्राद्ध असेल, चर्चमधली मृतासाठीची मिसा असेल, त्या दिवशी बोलावलं तर जायचे. घरच्यांना ओट्यावर उभं करायचे आणि मध्ये त्या माणसाची जागा सोडायचे. पण मोकळ्या जागेवर कॅमेऱ्याने नेम कसा धरायचा? त्यासाठी त्यांनी माझ्याकडून फ्रेमची एक लांब पट्टी उचलून नेली होती. उचलूनच, कारण विचारलं असतं तर मी भाव सांगितला असता. घरी गेले की आईला नाहीतर बायकोला विचारायचे, तुमचा माणूस केवढा होता? ती बाई हात वर करून हवेत उंची दाखवायची. तिथवर पट्टी उभी धरायची, पेन्सिलची खूण करायची, खुणेवर नेम धरायचा, मग पट्टी काढून घ्यायची आणि फोटो काढायचा. मी एकदा जूचंद्रला हिराकाकीच्या घरी त्यांच्याबरोबर गेले होते. तिचा मुलगा जगदीश सीमेवर हुतात्मा झालेला. हिराकाकीने आधी हात वर केला, मग जरा विचार करून आणखी वर केला. सून हळूच म्हणाली, एवढे नव्हते हो. हिराकाकी म्हणाली, "तुला काय म्हाईत? मी त्याला खालून बघायची." इनासभाऊंनी पट्टीवर खूण केली ती हिराकाकीच्या हाताच्या उंचीवर.

समितीचे अध्यक्ष माझ्या दुकानात आले ते गोड बोलतच. नवीन उद्यानात हुतात्म्यांची भिंत करायची होती, इनासभाऊंचे फोटो हवे होते. इनासभाऊ लगेच हो म्हणत होते, मी त्यांना गप्प बसवलं. त्यांना म्हटलं, मोबदला नको म्हणालात, ठीक, पण अटी मी घालणार. पहिली अट, फोटो कुठूनही कापायचा नाही. दुसरी, प्रत्येक फोटोखाली इनासभाऊंचं नाव. अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले, ताई, शब्द दिला. मी इतकी वर्षं काचवाल्यांशी, लाकूडवाल्यांशी, जागेच्या मालकांशी भांडून दुकान उभं केलं. कोण शब्द पाळणार ते मला चेहऱ्यावरून कळतं. या माणसाचं कळलं नाही, याचा राग अजून जात नाही.

उद्घाटनाला पडदा बाजूला झाला. फोटो मोठे होते, रंग उत्तम होते, आणि सगळ्या मधल्या जागा गेल्या होत्या. दोन्हीकडची माणसं ओढून एकमेकांना चिकटवली होती. हिराकाकीच्या फोटोत तिचा अर्धा खांदा सुनेच्या पदरात शिरला होता. वाचलेल्या जागेत अध्यक्षांचा हात जोडलेला स्वागताचा फोटो बसवला होता. इनासभाऊंचं नाव कुठेच नव्हतं. टाळ्या वाजत होत्या. हिराकाकी भिंतीजवळ गेली, आपल्या फोटोवर जिथे जोड होता तिथे बोट ठेवलं आणि मागे वळून विचारलं, "माजा पोर हितं उभा होता. त्याला कोनी कापला?"

टाळ्या थांबल्या नाहीत, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मी तिथेच तोंड उघडणार होते. इनासभाऊंनी माझा दंड धरला. कायम असंच व्हायचं, मी भडकायची आणि ते आवरायचे. या बायांसमोर तमाशा नको, म्हणाले. घरी गेले, कॅमेरा कपाटात ठेवला आणि नंतर बाहेर काढला नाही. समितीला त्यांनी स्वतः दोनदा फोन केला, बघतो म्हणून उत्तर मिळालं. मिशांचा पीळ उतरला. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसले होते, मागे भिंतीवर तो ओट्यावरचा जुना फोटो, पुढे मेणबत्ती. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. निघताना त्यांनी हाक मारली.

"बाय, या वेळी भांड."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ती एकमेव परवानगी...

ते गेल्यावर महिन्याने झालेल्या मिसेला सगळी घरं आली. हिंदू, ख्रिस्ती, किनाऱ्यावरची, मिठागराकडची, बिल्डिंगमधली. मिसेनंतर जसिंताकडे चहा झाला आणि हिराकाकीने कप खाली ठेवून विचारलं, ते उद्यान इथून किती लांब आहे? मी म्हटलं, गाड्या सांगितल्या आहेत. अध्यक्षांनाही मी फोन करून ठेवला होता. येत नसाल तर आम्ही सगळे तुमच्या घरी येतो, असं सांगितलं होतं. आम्ही उद्यानात पोचलो तर ते आधीच येऊन उभे होते.

संध्याकाळच्या फेऱ्या मारणारी माणसं थांबून बघू लागली. अध्यक्ष मला समजावत होते की तेव्हा डिझाइनमध्ये बसत नव्हतं, नावाचं करता येईल, पण त्या जागेचं जरा अवघड आहे. "मधे काहीच नाही हो ताई. रिकामं दिसतं. लोकांना कळत नाही." माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापता येणार नाही. पण हिराकाकीने मला मागे सारलं. सुनेला आणि धाकट्या मुलाला हाक मारली आणि भिंतीवरच्या त्या चिकटवलेल्या फोटोपुढे, ओट्यावर उभे राहिले होते तसेच तिघं उभे राहिले. मध्ये जागा सोडून. मग बाकीची घरं आपापल्या फोटोपुढे गेली. कोणी सांगितलं नाही, कोणी मोजलं नाही. प्रत्येकाला आपली जागा पाठ होती. जसिंताने पप्पांचा कॅमेरा पिशवीतून काढला आणि माझ्याकडे हात केला. इनासभाऊंची पट्टी मी त्यांच्या घरून आणली होती. एकेका जागेत ती उभी धरायची, नेम धरायचा, काढून घ्यायची.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. सुटका झाल्यासारखे ते फाटकाकडे निघाले. सरळ वाट हिराकाकी आणि सुनेच्या मधून जात होती. एक पाऊल त्यांनी टाकलंही. मग थांबले. फोन वाजत राहिला. आणि ते बाजूच्या हिरवळीत उतरून, सगळ्यांना वळसा घालून गेले.

मी मागून विचारलं, "साहेब, मधे काहीच नव्हतं ना? मग वळसा कशाला घातलात?"

ते वळले. भिंतीकडे बघितलं. फेऱ्या मारणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी मोठ्याने विचारलं, हे फोटो बदलणार कधी? आणि मग सगळेच विचारू लागले. मला भांडावंच लागलं नाही. उभ्या आयुष्यात एवढी मोठी बाजी मी पहिल्यांदा एका प्रश्नात जिंकले.

भिंत आता बदलली आहे. जाऊन बघा. पूर्ण फोटो आहेत, फ्रेम माझ्या दुकानातल्या आहेत आणि प्रत्येक फोटोखाली इनासभाऊंचं नाव आहे, चालता चालता वाचता येईल एवढं मोठं. पूर्ण फोटोंना जागा जास्त लागली, त्यामुळे अध्यक्षांचा स्वागताचा फोटो उतरवावा लागला. जसिंताने त्या संध्याकाळी काढलेला फोटो इनासभाऊंच्या घरी लावलाय, ओट्यावरच्या त्या जुन्या फोटोशेजारी. तिच्या मते थोडा हललाय. तसं इनासभाऊंनी तिला ऐकवलंच असतं, आणि मग सगळ्या वाडीला बोलावून दाखवलाही असता.

पट्टी माझ्याकडेच आहे. दुकानात टेबलामागे उभी करून ठेवली आहे. तिच्यावर पेन्सिलच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेपाशी एक नाव, आणि सगळ्यांत वर जगदीश, आईच्या हाताएवढा. लाकडाचा नमुना समजून गिऱ्हाईक कधी तिला हात लावतं, भाव विचारतं. ती विकायची नाही, एवढंच मी सांगते.

आता राहिला एकच हिशेब. फोटो कापले कोणी? समिती म्हणते छापणाऱ्याने, छापणारा म्हणतो समितीने. मी रोज कापायचंच काम करते. कुठे कापायचं ती रेघ कोणीतरी आखून दिल्याशिवाय कोणी कापत नाही. ती रेघ ज्याने आखली, त्याने आता लपायचं सोडावं. जूचंद्रला जावं, हिराकाकीच्या ओट्यावर तिच्यासमोर उभं राहावं आणि तिने टाळ्यांमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. पट्टी घेऊन मी येते. केवढा माणूस कापला, ते त्याला दाखवायचं आहे.