कडीचा आवाज

कपाटातून काढलेल्या शालूवर आज पांढरी बुरशी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. मला ओल शोषणारा डीह्युमिडिफायर हवाय. नवऱ्याला हवाय एअर प्युरिफायर, कारण पाऊस जरा उघडला की शेजारच्या पाडकामाची धूळ उडते आणि त्याला शिंकांमागून शिंका येतात. दोन्ही ठेवायला घरात जागा नाही. ओल जावी म्हणून मी खिडकी उघडते, तो मागून येऊन लावतो. दर वेळी कडी तेवढी वाजते. हवा दिसत नाही म्हणतात. आमच्याकडे ती रोज दिसते, दोघांच्या कपाळावरच्या आठ्यांत.

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "खिडकी उघडी असली तर दोन्ही मशिनं फुकट. तुमची कशी असते?"

"उघडी," मी म्हणाले.

"बंद," नवरा म्हणाला आणि शिंकला.

"मग आधी ते ठरवून या," म्हणत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हात हलवत घरी आलो. निघतानाच्या घाईत खिडकी अर्धवट उघडीच राहिली होती. धूळ आत आली होती, ओल बाहेर गेली नव्हती. कडीकडे दोघांचेही हात एकदमच गेले.