पाठीवरच्या दोन कॅन

राळेगावकडच्या आमच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. पोळ्यानंतर ती तुडुंब भरते आणि संध्याकाळी मोटर बंद करून आमचे हे तिच्यात उतरतात. गावातल्या निम्म्या पोरांना यांनीच पोहायला शिकवलं. पद्धत ठरलेली: आधी पाठीला तेलाच्या दोन रिकाम्या कॅन बांधायच्या, हातपाय जुळले की एक, मग काहीच नाही. कॅन कधी काढायची ते हेच ठरवणार.

मागच्या वर्षी यवतमाळला यांच्या छातीत स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, पोहा, पण एकट्यानं नाही. "मायी बायको असते ना काठावर," यांनी बेधडक सांगून टाकलं. मीही मान डोलावली. वेळ आली तर काठावरून मी काय करणार होते, शेंगा सोलत बसणार?

म्हणून पन्नाशीला टेकलेली मी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरले. यांना सांगितलं, हौस आहे.

पोरांना खुशाल ढकलून देणारा हा माणूस माझ्या बाबतीत भलताच भित्रा निघाला. दोरीची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. मी विहिरीत आरामात फेऱ्या मारू लागले, तरी पाठीवर दोन्ही कॅन तशाच. त्या असल्या की बुडी मारता येत नाही, आणि मला तर बुडीच शिकायची होती. रोज विचारलं की रोज एकच उत्तर, "अजून नाई."

एका संध्याकाळी माझं डोकंच फिरलं. पायरीवर कंबरभर पाण्यात उभी राहून म्हटलं, "पोरायच्या कॅन पटापट काढता. माया काहून नाई?"

"तुले येवढी घाई कायची होऊन राह्यली?" हे हसत होते. "शर्यतीत जातं का?"

"तुमी अंदर गेले त तुमाले काढन कोन? ह्या कॅन?"

यांचं हसू थांबलं. यांनी मोटरच्या पाइपाकडे तोंड वळवलं. मला वाटलं, रागावले. मग जवळ येऊन त्यांनी माझ्या पाठीची गाठ सोडली. एक नाही, दोन्ही कॅन. पाठ एकदम हलकी झाली आणि मला रडू आलं. तोंड ओलंच होतं, कळलं नसावं.

"उद्यापासून बुडी," हे म्हणाले. "पन तुले येत नाई तोवर..."

वाक्य अर्धंच सोडून यांनी त्याच कॅन स्वतःच्या पाठीला टेकवल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"बांध," म्हणाले.

मी बांधल्या. गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघितली.